‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ’ वाक्यात बिनचूक कसं बसवायचं

निरोप समारंभाचं भाषण, परगावच्या कॉलेजसाठी लिहायचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र, स्पर्धा परीक्षेतला निबंध. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलांच्या इंग्रजीत ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ’ या चारही ठिकाणी हमखास येतं आणि फार वेळा मोडकं येतं. अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो: एखाद्या मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावर असणं. पण घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत मराठी आणि लिहायचं इंग्रजीत, अशा मुलाला ‘अर्थ कळला ना, मग वापर’ एवढं सांगून भागत नाही. आधी काय ठरवायचं, मग काय लिहायचं, हा क्रम त्याला हातात द्यावा लागतो. चुका जवळजवळ सगळ्या क्रम चुकल्यामुळे होतात.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा आणि वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या. हे टाळू नका, कारण स्पेलिंगची चूक त्याच वेळी पकडली जाते. थ्रेशोल्ड या शब्दात ‘एस’नंतर ‘एच’ एकदाच येतो आणि त्याला लागून ‘ओ’. उच्चारात ‘होल्ड’ ऐकू येतं म्हणून मुलं दोन ‘एच’ लिहितात. अक्षरं मोजा, नऊच भरली पाहिजेत.

१. पेन उचलण्याआधी तीन उत्तरं लिहा

कच्च्या कागदावर मराठीतच तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

दाराशी कोण उभं आहे?
दारापलीकडे काय आहे?
आत पाऊल पडलं आहे का?

पहिल्या उत्तरातून वाक्याचा कर्ता मिळतो. दुसऱ्यातून ‘ऑफ’च्या पुढचा मजकूर मिळतो. तिसरं उत्तर ‘नाही’ असेल तरच हा वाक्प्रचार वापरायचा.

शहाद्याची एक मुलगी नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपवते आहे असं समजू. उभी कोण? ती. पलीकडे काय? नोकरीचं आयुष्य. पाऊल पडलं का? अजून नाही. आता वाक्य आपोआप जुळतं: ‘शी इज ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ नर्सिंग करिअर.’

तिन्हीपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल, तर वाक्य लिहायला घेऊ नका. तिथे हा वाक्प्रचार लागतच नाही.

२. कर्ता तपासा: सगळ्यात मोठी चूक इथेच होते

या टप्प्यावर घाई करू नका. मराठीत उंबरठा दोन्ही बाजूंनी चालतो. ‘आपण निवडणुकीच्या उंबरठ्यावर आहोत’ असं आपण म्हणतो आणि ‘निवडणुका उंबरठ्यावर येऊन ठेपल्या’ असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात माणूस उभा आहे, दुसऱ्यात घटनाच चालत आपल्या दारी आली आहे. वर्तमानपत्रात ‘पावसाळा उंबरठ्यावर’ असा मथळा आला, तर कुणालाही खटकत नाही.

इंग्रजीतल्या या वाक्प्रचारात फक्त पहिली बाजू चालते. माणूस, संस्था, गाव, देश, एखादं शास्त्र असं जे बदलणार आहे तेच दाराशी उभं असतं. येणारी घटना दाराच्या पलीकडे असते. ती स्वतः उंबरठ्यावर येत नाही.

चुकीचं: ‘द बोर्ड एक्झाम्स आर ऑन द थ्रेशोल्ड.’
बरोबर: ‘द बोर्ड एक्झाम्स आर जस्ट अराउंड द कॉर्नर.’

चुकीचं: ‘द मॉन्सून इज ऑन द थ्रेशोल्ड ऑफ खान्देश.’
बरोबर: ‘द मॉन्सून इज अल्मोस्ट अपॉन अस.’

दुसऱ्या जोडीतलं चुकीचं वाक्य नीट पाहा. त्यात ‘ऑफ’ आहे, पुढे नाव आहे, रचना वरवर ठीक दिसते. पण ‘ऑफ’च्या पुढे खान्देश आलं, म्हणजे मान्सून उभा राहिला आणि खान्देश घडणार आहे असा अर्थ झाला. पहिल्या टप्प्यातली उत्तरं लिहून काढली असती, तर ही अदलाबदल कागदावरच दिसली असती.

मराठीतून इंग्रजीत जाताना घटना जवळ आली एवढंच सांगायचं असेल, तर ‘अराउंड द कॉर्नर’ किंवा ‘अपॉन अस’ घ्या. मराठीत आपण ‘परीक्षा तोंडावर आली’ म्हणतो, तिथेही हेच दोन पर्याय लागतात. कुणाचं तरी आयुष्य, दर्जा किंवा काळ बदलणार असेल, तेव्हाच थ्रेशोल्डकडे वळा.

तपासणी: वाक्यातल्या कर्त्यावर बोट ठेवा आणि विचारा, ‘हा बदलणार आहे, की हा येणार आहे?’ बदलणार असेल तर पुढे चला. येणार असेल तर वाक्य मोडून पुन्हा लिहा.

३. घटनेचं वजन आणि वेळ

जेवायला बसणं, बस पकडणं, मोबाइल रिचार्ज करणं यांच्यासाठी हा वाक्प्रचार नाही. तिथे ‘अबाउट टू’ पुरेसं आहे. थ्रेशोल्डच्या पलीकडे नवं आयुष्य, नवी कारकीर्द, प्रौढपण, नवं शतक, मोठा शोध, स्वातंत्र्य असं काहीतरी असावं लागतं. ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ न्यू लाइफ’, ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ‍ॅडल्टहूड’, ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ मेजर ब्रेकथ्रू’ हे समूह इंग्रजीत रुळलेले आहेत. सुरुवातीला हेच वापरा.

वेळेचं भानही हवं. एफवाय संपवून एसवायला गेलेला मुलगा ‘आय अ‍ॅम ऑन द थ्रेशोल्ड ऑफ कॉलेज लाइफ’ असं लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं की हा अजून बारावीतच आहे. दार मागे पडलं असेल तर हा वाक्प्रचार सोडून द्या.

जुन्या काळाबद्दल मात्र खुशाल लिहा, क्रियापद तेवढं भूतकाळात न्या. धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे हे वाक्य अचूक आहे: ‘इन जून १९९८, नंदुरबार वॉज ऑन द थ्रेशोल्ड ऑफ बिकमिंग अ सेपरेट डिस्ट्रिक्ट.’ तेच वाक्य ‘इन ऑगस्ट १९९८’ असं लिहिलं तर व्याकरण शाबूत राहील आणि माहिती खोटी ठरेल.

तपासणी: वाक्यात ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ’ऐवजी ‘अबाउट टू’ घालून पाहा, मागचंपुढचं लागेल तसं जुळवून. अर्थ टिकला तर वेळ बरोबर आहे. अर्थ टिकला पण वाक्य आता जास्त सहज वाटायला लागलं, तर घटनेचं वजन कमी आहे. मग ‘अबाउट टू’च राहू द्या.

४. क्रियापद निवडा

दोनच क्रियापदं सांभाळली तरी पुरे: ‘बी’ आणि ‘स्टँड’. ‘वी आर ऑन द थ्रेशोल्ड ऑफ...’ साधं आहे, कुठेही चालतं. ‘वी स्टँड ऑन द थ्रेशोल्ड ऑफ...’ थोडं भारदस्त आहे. भाषणात शोभतं, अर्जात जड वाटतं.

‘वी हॅव रीच्ड ऑन द थ्रेशोल्ड’ लिहू नका. आपल्याकडे ‘उंबरठ्यावर पोहोचलो’ म्हणतात, त्यावरून हे येतं. ‘रीच’ला पुढे ‘ऑन’ लागत नाही. शिवाय ‘रीच द थ्रेशोल्ड’ म्हटलं की मोजमापाची मर्यादा गाठल्याचा अर्थ पुढे येतो. त्याबद्दल आठव्या टप्प्यात.

‘आय अ‍ॅम अबाउट टू बी ऑन द थ्रेशोल्ड’ हेही नको. थ्रेशोल्डमध्येच ‘होण्याच्या बेतात’ आहे. त्यावर ‘अबाउट टू’ चढवलं की बेताचा बेत होतो.

५. ऑन, द, आणि एकवचन

‘ऑन’ ठेवा. ‘अ‍ॅट द थ्रेशोल्ड ऑफ’ही इंग्रजीत चालतं आणि चांगल्या लेखकांच्या हातून येतं, पण रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात साधारणपणे ‘ऑन’ची अपेक्षा असते. म्हणून सवय त्याचीच लावा. ‘इन द थ्रेशोल्ड’ नको. दारात उभं राहण्याला ‘इन द डोअरवे’ म्हणतात, त्यावरून मुलं हे ओढून आणतात.

‘द’ सोडू नका. मराठीत असा शब्द नसल्यामुळे आपला हात तिथे अडखळत नाही, सरळ पुढे जातो. ‘ऑन थ्रेशोल्ड ऑफ’ ही खान्देशातच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रातल्या उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक आहे. ‘ऑन अ थ्रेशोल्ड ऑफ’ही नाही. जोर द्यायचा असेल तर ‘व्हेरी’ हा शब्द ‘द’ आणि ‘थ्रेशोल्ड’ यांच्यामध्ये घाला: ‘ऑन द व्हेरी थ्रेशोल्ड ऑफ सक्सेस’.

कर्ता अनेकवचनी असला तरी थ्रेशोल्ड एकच राहतो. ‘द स्टुडंट्स आर ऑन द थ्रेशोल्ड ऑफ देअर करिअर्स’ बरोबर. ‘थ्रेशोल्ड्स’ झालं की वाचकाला खरीच पाच-पन्नास दारं दिसायला लागतात.

आणि ‘ऑन माय थ्रेशोल्ड’ म्हणजे माझ्या घराच्या खऱ्याखुऱ्या उंबरठ्यावर. मांजर तिथे बसू शकतं, करिअर बसत नाही.

६. ‘ऑफ’च्या पुढे काय येतं

‘ऑफ’च्या पुढे नाम येतं किंवा क्रियापदाचं ‘इंग’ लागलेलं रूप येतं. तिसरं काही येत नाही.

नाम: ‘ही इज ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ न्यू करिअर.’
‘इंग’: ‘ही इज ऑन द थ्रेशोल्ड ऑफ स्टार्टिंग अ न्यू करिअर.’
चुकीचं: ‘ही इज ऑन द थ्रेशोल्ड टू स्टार्ट अ न्यू करिअर.’
चुकीचं: ‘ही इज ऑन द थ्रेशोल्ड ऑफ स्टार्ट अ न्यू करिअर.’

‘टू’ का येतो ते समजून घ्या, म्हणजे तो पुन्हा येणार नाही. ‘सुरू करण्याच्या’ असं डोक्यात आलं की शाळेत पाठ झालेलं ‘टू स्टार्ट’ आपसूक पुढे येतं. ‘अबाउट टू’, ‘रेडी टू’, ‘गोइंग टू’ या सगळ्यांनी तीच सवय घट्ट केलेली असते. थ्रेशोल्ड त्या कुळातला नाही. सराव म्हणून पाच क्रियापदं घ्या: बिकम, स्टार्ट, डिस्कव्हर, एंटर, विन. प्रत्येकाला ‘ऑफ’ आणि ‘इंग’ लावून एकेक वाक्य करा. जीभ वळली की हात चुकत नाही.

‘इंग’ आलं तरी एक तपासणी उरतेच. ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ स्टार्टिंग अ न्यू बिगिनिंग’ हे निरोपाच्या भाषणात ऐकू येणारं वाक्य आहे. थ्रेशोल्ड, स्टार्टिंग, न्यू, बिगिनिंग: चार शब्द एकच गोष्ट सांगतात. दोन काढा. ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ न्यू लाइफ’ एवढ्याने काम होतं.

७. व्हर्ज, ब्रिंक, कस्प की थ्रेशोल्ड?

चारही शब्दांची रचना सारखी आहे: ऑन, द, शब्द, ऑफ. म्हणून परीक्षेत पर्याय देऊन हमखास फसवतात. फरक पलीकडच्या गोष्टीत आहे.

थ्रेशोल्डच्या पलीकडे नवी सुरुवात असते, बहुधा आशेची.

ब्रिंक म्हणजे कड्याचं टोक. युद्ध, दिवाळखोरी, उपासमार, नामशेष होणं यांच्यासाठी तोच शब्द. ‘ऑन द ब्रिंक ऑफ वॉर’, ‘ऑन द ब्रिंक ऑफ बँकरप्सी’. चांगल्या गोष्टीसाठीही तो कधी येतो, पण धोक्याचा सूर त्याला जास्त शोभतो.

व्हर्ज सगळ्यात मोकळा आहे. चांगलं-वाईट, लहान-मोठं, सगळं त्यात बसतं, आणि क्षणात घडणारी गोष्ट तर त्याचीच. ‘शी वॉज ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स’ म्हणजे तिला आता रडू कोसळणार होतं. इथे थ्रेशोल्ड घालता येत नाही. कापसाचा भाव पडून एखादा शेतकरी मोडकळीला आला असेल, तर त्याच्यासाठी ‘ऑन द व्हर्ज ऑफ रुइन’ किंवा ‘ऑन द ब्रिंक ऑफ रुइन’ लिहा. थ्रेशोल्ड लिहिलात तर त्याच्या संकटाला उद्घाटनाचा सूर लागेल, आणि तसं होऊ देऊ नये.

कस्प दोन अवस्थांच्या सांध्यावरचा शब्द आहे, ‘ऑन द कस्प ऑफ अ‍ॅडल्टहूड’सारखा. थ्रेशोल्डच्या जवळचा आहे आणि पुष्कळदा दोन्ही चालतात.

शंका असेल तर व्हर्ज वापरा. तो सहसा दगा देत नाही.

८. तोच शब्द, वेगळी कामं

‘क्रॉस द थ्रेशोल्ड’ म्हणजे उंबरठा ओलांडणं. इथे ‘ऑन’ येत नाही. नवरीच्या गृहप्रवेशाचं वर्णन इंग्रजीत करायचं असेल तर: ‘द ब्राइड टिप्ड ओव्हर द पॉट ऑफ राइस विथ हर राइट फूट अँड क्रॉस्ड द थ्रेशोल्ड.’ हा खराखुरा उंबरठा झाला. लाक्षणिक अर्थाने लिहायचं तर पुढे ‘इंटू’ घ्या: ‘शी हॅज क्रॉस्ड द थ्रेशोल्ड इंटू अ‍ॅडल्टहूड.’ तिसऱ्या टप्प्यातल्या एसवायच्या मुलाचं वाक्य इथे सुटतं. त्याने ‘आय हॅव क्रॉस्ड द थ्रेशोल्ड इंटू कॉलेज लाइफ’ लिहावं.

दुसरं काम मोजमापाचं. थ्रेशोल्ड म्हणजे अशी मर्यादा की जिच्यापुढे काहीतरी लागू होतं. इथे आकडा असतो आणि क्रियापदं बदलतात: रीच, क्रॉस, एक्सीड, फॉल बिलो.

आपल्या भागात याची उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही. मैदानी भागात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असलं, किंवा थेट ४५ अंशांवर गेलं, तर हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. भुसावळ-जळगावकडचा मे महिना आठवा आणि लिहा: ‘द टेंपरेचर इन भुसावळ क्रॉस्ड द हीटवेव्ह थ्रेशोल्ड.’

कपाशीचंही तसंच. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध (नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या) सापळ्यात सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली असं धरतात. कृषीच्या इंग्रजीत त्याला इकॉनॉमिक थ्रेशोल्ड लेव्हल म्हणतात. बीएस्सी अ‍ॅग्रीच्या मुलांनी वाक्य असं करावं: ‘द पेस्ट हॅज रीच्ड द इकॉनॉमिक थ्रेशोल्ड, सो स्प्रेइंग इज जस्टिफाइड.’ तिथे ‘द पेस्ट इज ऑन द थ्रेशोल्ड’ लिहिलं तर काहीच कळत नाही. पातळी ओलांडली की नाही, फवारावं की नाही, हाच तर तिथे प्रश्न असतो.

वाणिज्यवाल्यांसाठी: फक्त मालाचा व्यापार करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते. ‘हिज टर्नओव्हर इज बिलो द रजिस्ट्रेशन थ्रेशोल्ड’ हे वाक्य बरोबर.

तिसरा प्रकार माणसाच्या सोसण्याचा आणि इथे अर्थ नेमका उलटा घेतला जातो. ‘शी हॅज अ हाय पेन थ्रेशोल्ड’ म्हणजे तिला जास्त दुखतं असं नाही. तिची मर्यादा उंच आहे, म्हणजे वेदना तिला उशिरा टोचते. ‘लो बोअरडम थ्रेशोल्ड’ असलेल्या माणसाला चटकन कंटाळा येतो. मर्यादा उंच तर सहनशक्ती जास्त, असं वहीत एका ओळीत लिहून ठेवा. या प्रकारात ‘अ’ चालतो आणि ‘ऑन’ येत नाही.

एक सावधानता. ‘सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले’ याचं इंग्रजी करताना थ्रेशोल्डला हात लावू नका. ‘ही वोअर आउट द थ्रेशोल्ड्स ऑफ गव्हर्नमेंट ऑफिसेस’ इंग्रजी वाचकाला लागणार नाही. ‘ही रॅन फ्रॉम पिलर टू पोस्ट’ म्हणा.

९. स्वतःला तपासा

खालची वाक्यं आधी स्वतः दुरुस्त करा, मग उत्तर पाहा. उत्तर झाकायला पट्टी ठेवा.

‘आय अ‍ॅम फ्रॉम चोपडा अँड आय अ‍ॅम ऑन थ्रेशोल्ड टू बिकम अ‍ॅन इंजिनिअर’ अशा धाटणीचं वाक्य अर्जात फार दिसतं. ‘द’ गळला आहे आणि ‘टू’ घुसला आहे. दुरुस्त: ‘आय अ‍ॅम ऑन द थ्रेशोल्ड ऑफ बिकमिंग अ‍ॅन इंजिनिअर.’ मुलगा अजून पहिल्या वर्षाला असेल तर मात्र हेही खरं नाही, मग ‘आय होप टू बिकम’ लिहा.

‘दिवाळी इज ऑन द थ्रेशोल्ड, सो द मार्केट इन धुळे इज क्राउडेड.’ कर्ता चुकला. दुरुस्त: ‘दिवाळी इज अराउंड द कॉर्नर...’

‘द ओल्ड मिल इज ऑन द थ्रेशोल्ड ऑफ क्लोजिंग डाउन.’ व्याकरण ठीक, सूर चुकला. बंद पडणं ही सुरुवात नव्हे. दुरुस्त: ‘...ऑन द व्हर्ज ऑफ क्लोजिंग डाउन.’

‘वी, द स्टुडंट्स ऑफ क्लास ट्वेल्व्ह, आर स्टँडिंग ऑन द थ्रेशोल्ड्स ऑफ अवर फ्युचर.’ अनेकवचन काढा. ‘फ्युचर’ही मोघम आहे, कशाच्या दाराशी उभे आहात ते नाव घेऊन सांगा. ‘वी स्टँड ऑन द थ्रेशोल्ड ऑफ कॉलेज लाइफ.’

‘माय ग्रँडफादर हॅज अ लो पेन थ्रेशोल्ड, ही नेव्हर कम्प्लेन्स.’ दोन अर्धी वाक्यं एकमेकांशी भांडतात. आजोबा कधीच कुरकुर करत नसतील, तर त्यांची मर्यादा ‘हाय’ आहे.